पोकळ वाजणारी भिंत

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, कुठल्याही नव्या घरात नेलं की ते आधी भिंत वाजवतात. चहापाणी नंतर. खिशातलं रुपयाचं नाणं काढायचं आणि टाइल्सवर टकटक करत जायचं. ठोस आवाज आला की पुढं सरकायचं. पोकळ आला की थांबायचं, घरमालकाकडं वळायचं आणि सांगायचं, "मागं मसाला भरला न्हाई. गंडवलं तुमाला." माझं लग्न ठरवायला आम्ही परभणीला गेलो तेव्हा हात धुवायला न्हाणीघरात गेलेले दादा सहा टाइल्स पोकळ असल्याची बातमी घेऊनच बाहेर आले. आईनं पदराआड तोंड लपवलं. लग्न मोडलं नाही, पण त्या न्हाणीघराचा विषय निघाला की माझे सासरे अजूनही पेपर वाचायला घेतात.

दादांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. सेलूपासून देवगाव फाट्यापर्यंत गावोगाव त्यांच्या हातच्या भिंती उभ्या आहेत. ज्या घरांतले स्वयंपाकाचे ओटे त्यांनी बांधले, त्यातल्या काही घरांत ओटा झाल्यावर त्यांना परत आत बोलावलं गेलं नाही. आमची वस्ती कुठली हे गावाला माहीत असतं. त्यावर ते बोलत नाहीत, ओटा किती सरळ होता तेवढं सांगतात. राग करायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय आणि ते मी चोख करते.

मी शिकून आर्किटेक्ट झाले. परभणीत माझं छोटं ऑफिस आहे. बंगले, दुकानं, एखादं मंगल कार्यालय अशी कामं चालतात. सेलूला आमच्या समाजातल्या निवृत्त मास्तर-कारकून मंडळींनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी तीन मजली अभ्यासिका बांधायचं ठरवलं आणि काम माझ्याकडं आलं. जागा अशी की इमारतीची लांब बाजू पश्चिमेला, दारही तिकडंच. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, तव्याला लावल्यासारखा मागं येतो. एसी लावला तरी वीज राहील याची खात्री कुणी द्यायची? म्हणून मी हट्टानं त्या भिंतीला दुसरी भिंत घातली.

हे प्रकरण मंडळाचे अध्यक्ष असलेल्या निवृत्त हेडमास्तरांना समजावताना मला घाम फुटला होता. मूळ भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या ठोकायच्या. त्यांच्यावर स्टीलच्या क्लिपा. त्या क्लिपांत सिरॅमिकच्या मोठमोठ्या फरश्या टांगायच्या. सिमेंट नाही, चिकटवणं नाही. फरशी-फरशीत करंगळी शिरेल न शिरेल एवढी फट ठेवायची, कारण उन्हानं पट्ट्या वाढतात आणि त्यांना हलायला जागा लागते. तळाला आणि माथ्याला तोंड उघडं. ऊन फरशी खाते, मधली हवा तापून वर निघून जाते, खालून गार हवा आत येते आणि खरी भिंत सावलीत राहते. "सर, अंगाला चिकटलेला नायलॉनचा शर्ट आणि ढगळ सुती सदरा यातला हा फरक आहे," असं मी म्हणाले, तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली, कितपत कळलं ते त्यांनाच ठाऊक.

हैदराबादहून फिटर आला, आपल्या दोन माणसांसह महिनाभर राहिला आणि त्यानं भिंत उभी केली. मातकट लाल रंगाच्या फरश्या, ओळीत, कुठं रेघभर वाकडं नाही. मुलांनी वरचं रंगकाम व्हायच्या आधीच खोल्या ताब्यात घेतल्या. सकाळभर पश्चिमेच्या पायऱ्यांवर सावली असायची, तिथंही पुस्तकं घेऊन पोरीबाळी बसायला लागल्या. मला बरं वाटलं. आमच्याकडं नवं काही बरं वाटलं की त्याला दृष्ट लागते, असं आई म्हणते. मी असलं काही मानत नाही. पण गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणाऱ्या बाईनं काय मानावं न मानावं हे सांगू नये.

दादा रोज अभ्यासिकेत जायचे. लेकीची इमारत म्हणून चारचौघांना दाखवायचे. आणि त्यांनी नाणं काढलं.

पहिली फरशी पोकळ. दुसरी पोकळ. ओळच्या ओळ पोकळ! मला फोन आला, "बाई, तुला लय मोठा दगा झालाय. एका फरशीमागं मसाला न्हाई. दोन फरश्यांमधल्या दरजासुद्धा उघड्या टाकून पळालेत." मी गाडीत होते, दुसऱ्या फोनवर ठेकेदार खोळंबला होता. "दादा, ती तशीच असते. सवडीनं सांगते," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. हेडमास्तरांना समजावायला मी अर्धा दिवस दिला होता. ज्या माणसानं मला ओळंबा धरायला शिकवलं त्याला अर्धं मिनिट.

नंतर मी सासरच्या एका लग्नाला पाच दिवस नागपूरला गेले. सवड मिळालीच नाही.

परत आले ती थेट साइटवर. माथ्याच्या रंगकामासाठी बांधलेली परांची अजून भिंतीपाशी उभी होती. दादा खाली उभे होते. हातपाय धुतलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. शेजारी हेडमास्तर. दोघांच्या तोंडावर वाढदिवसाचा केक लपवून ठेवलेल्या मुलांचा आनंद.

खालच्या पाच ओळींतल्या सगळ्या फटी भरलेल्या होत्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये लाल रंग घालून, फरशीच्या रंगाशी रंग जुळवून, कडेनं बोट फिरवावं अशा गुळगुळीत. तळाचं हवेचं तोंडही सिमेंटनं बुजवून वर छान गोलसर कड काढली होती. पाल, उंदीर, साप कशालाच वाट नाही.

"पाच दिवस लागले," हेडमास्तर म्हणाले. "मी मसाला कालवून द्यायचो. आता कसं काम पुरं झाल्यासारखं दिसतंय."

दादा माझ्या तोंडाकडं बघत होते. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. चहाची बशी त्यांना धरवत नाही. ठेकेदारांनी आधी छोटी कामं दिली, मग फोन करणं बंद केलं. त्या हातानं ही दरज कशी ओढली असेल? हे मी विचारायच्या आधीच त्यांनी दाखवलं. उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं आणि हवेत सरळ रेघ मारली.

मी म्हणाले, "लय देखणं केलंत, दादा."

हे वाक्य मी आयुष्यभर परत घेऊ शकणार नाही.

गाडीत बसून मी फिटरला फोन लावला. फोटो पाठवले. तो म्हणाला, "मॅडम, ये किसने किया?" मी म्हटलं, "झालं कुणाकडून तरी." त्यानं सांगितलं ते मला माहीत होतंच. पट्ट्या उन्हात वाढणार, फरशांना सरकायला जागा नाही, हवाही कोंडलेली. मग क्लिप वाकेल नाहीतर फरशी तडकेल. कधी, ते सांगता येत नाही. दारावरच्या ओळीला सगळ्यात जास्त ताण. लवकर काढा, म्हणाला. तो स्वतः दुसऱ्या कामावर अडकला होता, बारा-तेरा दिवसांनी येणार होता.

त्या वेळी खरं तर एकच गोष्ट करायची होती. दादांकडं जायचं आणि सांगायचं. त्याऐवजी मी बेत आखला. पुढच्या आठवड्यात दादा जिंतूरला आत्याकडं जाणार होते, चांगले आठ-दहा दिवस. ते गेले की फिटर येईल, सगळं साफ करेल आणि दादा परतल्यावर मी सांगेन की हा कंपनीचा नियम आहे, तुमचं काम चांगलंच होतं. तोपर्यंत काय? तोपर्यंत मी पायऱ्यांसमोर दोरी बांधली, त्यावर "रंगकाम चालू आहे" अशी पाटी लटकवली आणि सगळ्यांना मागच्या दारानं जायला सांगितलं.

आपल्याकडं दोरीला कोण भितं? दुसऱ्या दिवशी तिच्यावर ओले टॉवेल वाळत होते. मुलं दोरी वर उचलून वाकून आत जायची. पोरी पुन्हा पायऱ्यांवर. मी परभणीहून काही ना काही निमित्त काढून रोज सेलूला यायला लागले. यायचं, ओरडायचं, सगळ्यांना उठवायचं, परत जायचं. एक मुलगी तोंडावर म्हणाली, "मॅडम, रंगवाला तर दिसंना. कधी येणारंय?" मी तिच्यावरच खेकसले. तिचा काय दोष होता?

ऊन रोज चढत होतं. मोबाइलवर तापमान बघायचा मला नाद लागला, सुटी झाली की पोरं क्रिकेटचा स्कोअर बघतात तसा. जेवताना बघायचे, सिग्नलला बघायचे. ऊन उतरल्यावर भिंत निवायला लागली की तिच्यातून बारीक आवाज यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. परत टक्. मी दोरीच्या बाहेर उभी राहून दारावरच्या ओळीकडं बघत राहायची. फरशी एक, वजन एका भरलेल्या बादलीएवढं. खाली दार. दारातून पोरं येणार-जाणार.

त्या दिवसांत मला एक जुनी गोष्ट सारखी आठवायची. मी चौथीत असेन. दादा एका शेतकऱ्याचं घर बांधत होते आणि सुटीत मी त्यांच्याबरोबर जायची. एका संध्याकाळी त्यांनी दिवसभर बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावला. दोरी बोटभर सुटली. मालकाच्या ध्यानातही आलं नसतं, वर गिलावा चढणारच होता. दादांनी एक शब्द न बोलता हातोडा घेतला आणि दिवसभराचं काम स्वतःच्या हातानं पाडलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच परत बांधायला घेतलं. मी विचारलं होतं, "दादा, वाईट वाटलं का?" ते म्हणाले होते, "वाकडं ठिवलं असतं तर वाटलं असतं."

मला हे आठवत होतं. पण मी मनाला समजवायची की तेव्हा ते चाळिशीतले होते, हात घट्ट होता, पुढं शंभर भिंती होत्या. आता ही शेवटची. शेवटचं काम कुणी पाडायला सांगतं का? असं म्हणून मी एकेक दिवस ढकलत होते आणि स्वतःला मोठी मायाळू लेक समजत होते.

अकराव्या दिवशी मी सेलूला पोचले तेव्हा सूर्य नुकताच टेकला होता.  दोरीच्या आत, बरोबर दारासमोर, प्लास्टिकची खुर्ची टाकून दादा बसले होते. मांडीवर काठी. उन्हाचं कारण काढून त्यांनी जिंतूरचं जाणं रद्द केलं होतं आणि मला कळवायची गरज त्यांना वाटली नव्हती.

"ये बाई," त्यांनी हाक मारली. "तू दोरी बांधलीस अन् कुणी ऐकंना गेलंय. म्हणलं आपून बसावं राखणीला. दुपारपासून एक पोरगं आत येऊ दिलं न्हाई बग."

त्यांच्या डोक्यावर, दोन हात वर, ती ओळ होती.

"दादा, उठा."

"बसू दे की. वारं चांगलं यायलंय हितं."

टक्.

"उठा म्हणते ना!" मी अशी किंचाळले की आतली मुलं खिडक्यांत आली. "डोक्यात पडंल ती फरशी!"

दादांनी वर बघितलं, मग माझ्याकडं. "फरशी कशी पडंल? म्या सोता दरजा भरल्यात."

"भरल्यात म्हणूनच पडंल!"

ते उठले. घाईनं नाही. खुर्ची घडी न होणारी होती, ती काखेत मारली, काठी घेतली, दोरी उचलून वाकून बाहेर आले. खिडक्यांतली मुलं हलली नाहीत. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून मी सगळं सांगितलं. पट्ट्या, क्लिपा, उन्हानं होणारी वाढ, मधली हवा. बॅगेतल्या दोन वह्या शेजारी शेजारी धरून फट दाखवली. भिंत पोकळ वाजते कारण ती पोकळच हवी, हेही सांगितलं. जे पंधरा दिवसांपूर्वी फोनवर सांगायचं होतं ते सगळं.

दादा हेडमास्तरांपेक्षा लवकर समजले. गवंडीच ते. त्यांनी वह्या माझ्या हातातून घेतल्या, एकमेकींना चिकटवल्या, परत दूर केल्या.

"तुला हे कवा कळालं?"

"नागपूरवरून आले त्याच दिवशी."

"म्हंजी किती दिस झाले?"

"अकरा."

त्यांनी पायऱ्यांकडं बघितलं. 

"अकरा दिस लेकरं हितून यायलीत-जायलीत. अन् तू मला म्हणलीस, देखणं केलंत."

"तुमाला वाईट वाटलं असतं, दादा."

"वाटलं असतं! मंग? मला वाईट वाटू ने म्हणून लोकांच्या लेकरांच्या डोक्यावर दगड टांगून ठिवलास व्हय?" चाळीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्या दिवशी रस्त्यावरची माणसं थांबली. "काम चुकलं तर पाडायचं असतंय. पाडल्यानं गवंडी मरत न्हाई. तू मला जितेपणीच मारून ठिवलं होतंस. लहान लेकरासारखं गोंजारलंस मला."

 

त्या संध्याकाळी दादांनी स्वतः अध्यक्षांकडं जाऊन सांगितलं, "चूक माझी हाय. अभ्यासिका बंद ठिवा." काम पुरं होईपर्यंत मुलं वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास करत होती. तिसऱ्या दिवशी फिटर आला. त्यानं सगळ्यात आधी दारावरची मधली फरशी काढली. तिला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत केसासारखी चीर होती. खालच्या दोन क्लिपांपैकी एकीचा आकडा उघडून सरळ झाला होता. एकट्या दुसरीवर ती फरशी उभी होती. फिटरनं ती उघडलेली क्लिप दादांच्या तळहातावर ठेवली. दादांनी ती चष्म्याजवळ नेऊन बघितली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली, जिथं त्यांचं नाणं असतं.

बाकीच्या दरजा फिटर मशीननं कापणार होता. दादा म्हणाले, नको, फरशीची कड उडेल. त्यांनी करवतीचं पातं मागितलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि परांचीवर चढले. हेडमास्तर पुन्हा बादली घेऊन खाली. ज्या दरजा पाच दिवसांत भरल्या त्या काढायला नऊ दिवस लागले. फिटर माणूस मोठा समजूतदार, त्यांना घाई केली नाही. तळाचं तोंड मोकळं झालं तेव्हा दादांनी ओळंब्याची सुती दोरी काढली आणि तिचं टोक उघड्या फटीसमोर धरलं. दोरीचं टोक हलकेच आत ओढलं गेलं. त्यांनी परत धरून बघितलं. मग हेडमास्तरांना बोलावून दाखवलं. मला बोलावलं नाही. त्या नऊ दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

शेवटच्या दिवशी फिटर सगळ्या क्लिपा तपासून गेला. दादांचं समाधान झालं नव्हतं. ते पुन्हा परांचीवर चढले आणि खिशातून नाणं काढलं. मी खाली परांचीचा बांबू धरून उभी होते.

"पोकळ," ते म्हणाले. पुढची. "पोकळ." दर वेळी माझ्या छातीवरचं थोडं थोडं उतरत होतं. जन्मभर हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला होता आणि आता मी तो पुन्हा कधी येतो याची वाट बघत होते. "पोकळ. पोकळ."

चौथ्या ओळीत आवाज बदलला. त्यांनी पुन्हा नाणं मारलं. मलाही खालून ऐकू आलं, घट्ट, बसका आवाज.

"हे ठोस वाजायलंय. मागं मसाला गेलाय वाटतं." ते थांबले. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मंग आता किती दिस लावतीस सांगायला?"

मी मागं वळून बघितलं. आमचं लक्ष वर असताना दोन मुली दोरी उचलून आत आल्या होत्या आणि पायऱ्यांवर पुस्तकं उघडून बसल्या होत्या. त्यातली एक तीच, रंगवाला कधी येणार विचारणारी.

"उठा तिथून," मी म्हणाले. "रंग वगैरे काही नाही. वरची फरशी अडकलीय, पडू शकते. नीट झाली की मी सांगेन."

मुली लगेच उठल्या आणि दोरीच्या बाहेर गेल्या. दादांनी पातं मागितलं आणि मी ते वर दिलं.